तीन सेकंदांपेक्षा जास्त

नियम साधा आहे. बोलणारा थांबला
आणि तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबला,
तर ते कंसात लिहायचं.
त्याहून कमी असेल तर श्वास समजायचा.

मी टेपा उतरवते, मिनिटामागे दीड डॉलर.
सेंट जॉन्समध्ये, विद्यापीठाच्या तळघरात,
डोक्यावरून गरम पाण्याचा पाइप जातो
आणि वरच्या मजल्यावर प्राध्यापक ब्लॅगडन
येरझाऱ्या घालत प्रश्न घासूनपुसून घेतात:
गाव मोडायचं की नाही हे गावावरच सोपवलं
तर गावाचं काय होतं?

गाव म्हणजे ब्लाइंड टिकल.
बेटाच्या काखेत खोचलेली तीसेक घरं, चोपन्न मतं.
शंभरातले नव्वद 'हो' म्हणाले
तर सरकार घरटी पैसे देणार,
मग विजेच्या तारा गुंडाळणार, फेरीबोट थांबवणार.
एकोणपन्नास लागत होती.
अठ्ठेचाळीस पडली.

सहा नकार. पाच जणांनी छातीठोक सांगितलं, आम्ही.
सहावा कोण?

टेप सात: हेडली पार्डीच. दुसरं कोण?
टेप अकरा: हेडलीनं ऑक्टोबरात छपराला नवे पत्रे ठोकले.
जाणारा माणूस पत्रे ठोकतो का?
टेप पंधरा: आम्ही त्याला काही बोललो नाही.
(पाच सेकंद)
म्हणजे, काहीच बोललो नाही. हिवाळाभर.

टेप तेवीस. ड्रुसिला कीपिंग, वय एकाहत्तर.
सभेत सर्वांत मोठ्यानं 'हो' म्हणणारी हीच;
मुलगा अल्बर्टात पैशांची वाट बघतोय.
किटली शिट्टी मारते. कुत्रा दार खरवडतो.
मग ती म्हणते, सहावी मी.

(अकरा सेकंद)

मी हे तीनदा ऐकलं. मोजून.
अकराच.

प्राध्यापक म्हणतात, यंत्र चालू आहे.
ती म्हणते, असू दे. पावाची कणीक फुगत ठेवून आले होते,
ती वर येईस्तोवर परतायचं होतं.
पेन्सिल हातात घेतली आणि डोक्यात तेवढंच.
पुढे: हेडलीला सांगावंसं वाटतं.
त्याच्या दारापर्यंत जाते. शेवाळ बघून परत येते.
पुढे: हे पान काढून टाका.

काढलं. तो तिचा हक्क आहे,
संमतीपत्राच्या दुसऱ्या पानावर, कलम चार.
चोपन्न माणसांत टोपणनावानं कोण लपतं?
त्यात चूक कुणाची, ते मला सांगता येणार नाही.
फाइल पुसली. खात्री म्हणून दोनदा पुसली.

टेप चोवीस. हेडली पार्डी.
चहा घेणार का, इथून सुरुवात;
बहुधा बऱ्याच दिवसांत कुणाला विचारलं नसावं,
कारण कप शोधायलाच एक मिनिट गेलं.
तुमचं मत?
'हो' दिलं होतं.
मग सांगितलं का नाही?
(नऊ सेकंद)
विचारलं कोणी?
आणि पत्रे?
गळत होतं, बाई.
गाव राहो की जावो,
पाऊस कुठे मतदानाला थांबतो.

निबंध वसंतात छापून आला.
तक्ता चार, तिसरी ओळ: विरोध, सहा.
खाली बारीक अक्षरात: नव्वदचा उंबरठा
निर्णय सोपा करतो, शेजार अवघड करतो.
वाक्य चांगलं आहे. ब्लॅगडनबाईंनी त्यावर आठवडा घालवला.
सेंट जॉन्सच्या सचिवालयात कुणीतरी
पिवळ्या शाईनं ते अधोरेखितही केलं म्हणे.

दोन वर्षांनी पुन्हा मतदान आहे.
मला पुन्हा बोलावतील, पाइपाखाली.
तोवर मी बाजारात, बसथांब्यावर,
कुणी बोलता बोलता थांबलं
की मनात मोजते:
एक. दोन. तीन.
आणि चौथ्याला
कान टवकारते,
कागद नसला तरी.